एक किलोचा पाणघोडा

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

पत्र उभ्याने वाचत असशील तर आधी बस. बातमी आनंदाची आहे, पण मोठी आहे. अगदी जेवणाच्या ताटलीएवढी मोठी आहे.

बाबांचं छत्र्या दुरुस्तीचं दुकान विकलं तेव्हा आपल्या दोघांचे पैसे तू माझ्याकडे दिलेस आणि सांगितलंस, की कुठेतरी सुरक्षित जागी गुंतव. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर. आयुष्यभर लिफ्टचे दोर तपासणारा माणूस मी, कशावर किती भार टाकायचा ते मला कळतं. बँक पाहिली, जमीन पाहिली, मन धजेना. शेवटी परवा एका नाण्यांच्या व्यापाऱ्याच्या दुकानात शिरलो आणि काचेमागे तो दिसला.

ताई, तो पाणघोडा आहे. अस्सल चांदीच्या, एक किलो वजनाच्या नाण्यावर. पदक नव्हे हं, रीतसर टांकसाळीत पाडलेलं नाणं. पाण्यातून डोकं वर काढून त्याने असा जबडा फाडलाय की पडजीभ दिसते. मागचं पाणी आरशासारखं लख्ख, आणि अंगावरची सुरकुती न् सुरकुती कोरलेली. अशी मोजकीच नाणी पाडली आणि साचा मोडून टाकला म्हणे. चांदीचा भाव वाढला तर गुंतवणूक वाढते, आणि नाही वाढला तरी कला कुठे जात नाही. असा दुहेरी फायदा मी समजून घेतला आणि सगळे पैसे भरून टाकले.

अर्धा पाणघोडा तुझा, अर्धा माझा. कोणता अर्धा हवा ते तू ठरव, तू थोरली आहेस. घरी सगळे खुशीत आहेत.

धाकट्यावर माया ठेव, निदान हे पत्र वाचून होईपर्यंत.
तुझा, धाकटा


९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद सवयीने लिहून गेले, ते परत घेता येत नाहीत म्हणून राहू देते.

अरे गाढवा! सुरक्षित म्हणजे पाणघोड्याच्या तोंडात घाल असं मी सांगितलं होतं का? आणि सगळे? माझेसुद्धा? मला एक ओळ विचारावंसं वाटलं नाही? आता माझी बातमी ऐक, आणि तूही बसूनच वाच.

गेल्या महिन्यात मी अक्रोड दातांनी फोडायला गेले. अक्रोड आहे तसा आहे. माझे वरचे समोरचे दोन दात गेले आणि तिसरा जायला निघालाय. दाताच्या डॉक्टरीणबाईंनी पक्के दात बसवायचा खर्च सांगितला. मी तोऱ्यात म्हटलं, की पैशांची चिंता नको, भावाकडे ठेवलेत. हे मी चार माणसांत म्हटलं, धाकट्या.

त्यातून नेमकं आत्ताच बसस्थानकाच्या प्रमुखांनी बोलावलं. मी निवृत्त झाल्यापासून तिथे जे कोणी बसच्या घोषणा करतात, त्यांचं प्रवाशांना काही समजत नाही. म्हणून सगळ्या घोषणा एकदाच ध्वनिमुद्रित करायच्या आणि आवाज माझाच घ्यायचा असं त्यांचं ठरलंय. एप्रिलमध्ये मुद्रण आहे. मी खुशीत चाचणीला गेले आणि माइकसमोर उभी राहिले. आता प्रत्येक ‘स’ला दातांच्या फटीतून शिट्टी वाजते. पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत बाहेर दोन ड्रायव्हरांनी गाड्या सुरू केल्या. त्यांना वाटलं कंडक्टरने शिट्टी मारली. प्रमुख हसले नाहीत, भला माणूस आहे. एप्रिलपर्यंत दात बसवून या, नाहीतर नाइलाजाने आगारातल्या टाइपिस्टचा आवाज घ्यावा लागेल, असं म्हणाले. तो टाइपिस्ट बोलतो तेव्हा त्याला कायम सर्दी असल्यासारखं वाटतं.

मला मूल नाही, बाळ नाही. ज्या स्थानकात सगळी नोकरी काढली तिथे निदान आवाज राहील, एवढंच मनात होतं. ती संधी तुझ्या त्या जनावराने गिळली. कोणता अर्धा हवा विचारतोस ना? मला तोंडाकडचा दे. दात माझ्याच पैशांचे आहेत.

तुझ्यावर लोभ आहे, पण सध्या तो मला सापडत नाहीये.
ताई


१४ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

घरी सगळे खुशीत आहेत असं तुमच्या बंधूंनी लिहिलं, ते वाचून मी हे पत्र लिहायला बसले. ‘सगळे’ म्हणजे हे आणि पाणघोडा. मी त्यात नाही.

माझं शिवणाचं मशीन पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात आलंय. मशीनचा हादरा नाण्याला बरा नाही म्हणे. शाळेच्या गणवेशांचा ढीग आता पिठाच्या डब्यावर असतो. नाण्याला हात लावायचा तर पांढरे सुती हातमोजे लागतात. ते मीच शिवून दिले, तिथेच माझं चुकलं. रोज सकाळी आंघोळ झाली की हे हातमोजे चढवतात, श्वास रोखतात, पारदर्शक डबी उचलून उजेडात धरतात. श्वास संपला की डबी खाली ठेवून दाराबाहेर जाऊन श्वास घेऊन येतात. शेजारचे औषधवाले कौतुकाने बघायला आले आणि शिंकले. तेव्हापासून त्यांच्याशी बोलणं बंद आहे. घरातली डोकेदुखीची गोळीसुद्धा मी आता लांबच्या दुकानातून आणते.

नाण्याच्या मागच्या बाजूला त्याची सरकारी किंमत कोरलीय. त्या किमतीत गणवेशाची बटणंही येणार नाहीत. मी तसं म्हटलं तर तीन तास मला कला समजावून सांगितली.

पण खरं सांगू का, तुमचं पत्र आलं त्या दिवशी हे जेवले नाहीत. पत्र मात्र दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी उठून व्यापाऱ्याकडे नाणं परत घ्या म्हणून सांगायला गेले. व्यापारी म्हणाला, की परत घेईन, पण नुसत्या चांदीच्या भावाने, कलेचे पैसे गिऱ्हाईक मिळेल तेव्हा. तेव्हापासून हे गिऱ्हाईक शोधतायत. तुम्हाला कळवू नका अशी ताकीद आहे, म्हणून कळवते आहे.

तुमची माया आमच्या घरावर होती तशी राहू द्या, निदान माझ्या वाट्याची तरी.
तुमची, भावजय


२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रागाचं पत्र पोचलं. तुला तोंडाकडचा अर्धा मंजूर आहे. आता राग गिळ, दात नसले तरी गिळता येतो.

गिऱ्हाईक मिळालं! तुझ्याच गावात एक निवृत्त जनावरांचे डॉक्टर राहतात. फक्त प्राण्यांची मोठी नाणी जमवतात. त्यांच्याकडे गेंडा आहे, अस्वल आहे, पाणघोड्याची जागा रिकामी आहे. पूर्ण किंमत द्यायला तयार आहेत, मी दिली त्याहून थोडी जास्तच. तुझ्या अर्ध्या वाट्यात दात बसून वर एक चांगला पंखा येईल. त्यांना प्रवास झेपत नाही, म्हणून नाणं मी हिच्याबरोबर तुझ्याकडे पाठवतोय. पुढच्या रविवारी ते तुझ्या घरी येतील.

आता नीट लक्ष दे. डबी उन्हात ठेवायची नाही. फोडणी करताना ती आतल्या खोलीत न्यायची. शेजारणींना दाखवायची नाही, त्या बोट दाखवता दाखवता टेकवतात. आणि डॉक्टर येतील तेव्हा पाणघोडा आरशासारखा दिसला पाहिजे, माणूस फार चोखंदळ आहे. सगळं त्या पहिल्या नजरेवर आहे.

रोज सकाळी मी त्याला थोडा वेळ बघत असे. या दिवसांत हातांना काय करावं ते सुचणार नाही. पण तुझ्या आवाजाची जागा टाइपिस्टला मिळालेली मला चालणार नाही.

राग उरला असेल तर तो हिच्या हाती पाठव, हिला सवय आहे.
धाकटा


८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. या वेळी मनापासून लिहिले आहेत.

तुझी बायको आणि तुझा प्राणी दोघंही सुखरूप पोचले. बायको दुसऱ्या दिवशी गणवेशांच्या काळजीने परत गेली. प्राणी कपाटात आहे.

तुला खरं सांगते, पहिल्यांदा बघितला तेव्हा मला हसू आलं. मग दिव्याखाली धरून बघितला आणि हसू थांबलं. काय रे त्याचा जबडा! कोणी कोरला असेल त्याला माझा नमस्कार सांग. काल दुपारी झोपायचं सोडून मी त्याच्याकडेच बघत बसले होते. तुझी चूक झाली ती झालीच, पण नजर वाईट नाही तुझी.

एक मात्र तुझ्या लक्षात आलं नव्हतं. मागचं पाणी लख्ख होतं, पण खुद्द पाणघोडा पांढुरका, धुरकट दिसत होता. दातांवर तर साय धरल्यासारखं काहीतरी. तू आरशासारखा दिसला पाहिजे लिहिलंस आणि व्यापाऱ्याने तुला असला मळका माल दिला! मी म्हटलं, डॉक्टर एवढे चोखंदळ, त्यांच्यासमोर असा कसा ठेवायचा? सुरीने डबी हळूच उचकटली. माझं दंतमंजन महिनाभर पडूनच आहे, घासायला समोर दात नाहीत. म्हटलं, याचे तरी घासू. जुना ब्रश घेतला आणि सगळा पाणघोडा घासून काढला. दात, नाक, कान, सुरकुत्या, मागचं पाणीसुद्धा. मग राखेने एक हात फिरवला आणि टॉवेलने खसाखसा पुसला. साय सगळी गेली बघ! आता नाकापासून पाण्यापर्यंत सारखा चमकतो. डॉक्टरांनी त्यात दाढी करावी.

दाताच्या बाईंना कळवून टाकलंय की तयारीत राहा. आरशासमोर उभी राहून सगळ्या गावांची नावं म्हणून बघते. शिट्टी वाजते, पण आता तिचा राग येत नाही, चार दिवसांची पाहुणी आहे.

तुझ्यावरचा लोभ सापडला. उशीखाली होता.
ताई


१९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शनिवारी तुझ्याकडे अचानक आलो आणि चहा पिऊन लगेच नाणं घेऊन निघालो, त्याबद्दल रागावू नकोस. डॉक्टरांना चालवत नव्हतं, म्हणून म्हटलं आपणच त्यांच्याकडे जावं.

काम उत्तम झालं. त्यांनी डबी उघडली आणि बघतच राहिले. चकाकीबद्दल खास बोलले. कोणी घासलं म्हणून विचारलं, मी अभिमानाने तुझं नाव घेतलं. पैसे रोख दिले. त्यातला तुझा अर्धा वाटा आज पाठवलाय, मिळाला की कळव. पाणघोडा आता गेंडा आणि अस्वलाच्या मधोमध बसलाय, शेजार चांगला आहे.

दात लगेच बसवून घे. अक्रोड यापुढे अडकित्त्याने फोड.

माझी काळजी करू नकोस, मला आता श्वास रोखावा लागत नाही.
धाकटा


२३ मार्च

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र वाचून फाडून टाका. तुमच्या बंधूंना कळलं तर आमच्याकडे महायुद्ध होईल.

तुमचं घासण्याचं पत्र आलं तेव्हा हे दाराशी उभे राहून मोठ्याने वाचून दाखवत होते. दंतमंजनापाशी आवाज थांबला. राखेपाशी हे खाली बसले. मला वाटलं चक्कर आली. मी पाणी आणलं. मग यांनी मला सांगितलं, की तो पांढुरकेपणा मळ नव्हता, मुद्दाम केलेला होता. मागे आरसा आणि पुढे धुरकट प्राणी, हीच त्याची सगळी कला. हात लागला तरी किंमत उतरते, आणि वन्सं, तुम्ही तर त्याला राख लावलीत.

मी दहा मिनिटं वाट बघितली. म्हटलं आता ओरडतील, तुम्हाला काहीबाही लिहितील. नंतर एवढंच म्हणाले, की आरशासारखा दिसला पाहिजे हे मीच लिहिलं होतं, ताईने कधी सांगितलेलं काम अर्धवट केलंय का? आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग नुसतं पाणीच राहिलं.

डॉक्टरांनी डबी उघडून बघितली, बंद करून परत दिली आणि यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. एवढंच काय ते तिथे घडलं. मग व्यापाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, आता नुसती चांदी, आटवायची. हे म्हणाले, माझ्यासमोर आटवा. मी सोबत होते. मुशीत ठेवायलासुद्धा यांनी हातमोजे घातले. भट्टीवाल्याने विचारलं, आता कशाला? हे म्हणाले, सवय. जबडा सगळ्यांत शेवटी गेला.

तुम्हाला आलेली रक्कम तुमचा अर्धा वाटा नाही. तो अख्खा पाणघोडा आहे. यांच्या वाट्याला हातमोजे उरलेत.

तुम्ही मात्र दात बसवाच. नाही बसवलेत तर ते जनावर फुकट गेलं. यांना काही माहीत असल्याचं दाखवू नका, गळ्याची शपथ आहे.

माझं मशीन पुढच्या खोलीत परत आलंय. सुरू करायला जरा जड जातं.
तुमची, भावजय


२८ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पैसे मिळाले. दात बसले. पहिले दोन दिवस तोंडात कोणी परकं माणूस राहायला आल्यासारखं वाटलं, आता ओळख झालीय.

तुझ्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांग. पाणघोडा मजेत असेल. गेंड्याशी त्याचं जमतं का? अस्वल फार जवळ येऊ देऊ नका म्हणावं, दमट जागी

हे एवढं लिहिलं आणि पुढे लिहवेना. मला सगळं ठाऊक आहे. कोणी सांगितलं ते विचारू नकोस आणि घरात कोणाकडे रोखून बघूही नकोस, मी तिची शपथ मोडलीय, पाप मला लागू दे. अरे वेड्या, माझ्यासमोर बसून चहा पिताना तू ती डबी उघडलीस आणि म्हणालास, की वा ताई, काय चकाकी आणलीस! तुझा चेहरासुद्धा हलला नाही. मी त्या दिवशी तुला वर पुन्हा मंजनाची डबी दाखवली, कोणतं वापरलं ते कळावं म्हणून. एवढा सुंदर प्राणी मी माझ्या हातांनी मारला. आणि तू मला रागावायचं सोडून माझ्या तोंडात आणून बसवलास.

रक्कम परत पाठवणार होते. तुझ्या बायकोचं वाक्य आठवलं आणि थांबले. ते जनावर फुकट घालवायचं नाही.

मुद्रण काल झालं. सकाळपासून दुपारपर्यंत सगळ्या गावांच्या बस एकेक करून म्हटल्या. एकही शिट्टी नाही. स्थानकप्रमुखांनी उठून टाळ्या वाजवल्या, टाइपिस्टनेसुद्धा वाजवल्या, मग नाक पुसलं. सगळ्यांत शेवटी तुमच्या गावाची बस ठेवली होती. लहानपणी कुठेही निघालो की तुझा हात खिडकीबाहेर, आणि तुला ओरडून ओरडून माझा घसा कोरडा. म्हणून त्या एकाच घोषणेत मी एक ओळ जास्त घातली, की प्रवाशांनी हात खिडकीबाहेर काढू नयेत. प्रमुख म्हणाले, ही सूचना याच बसला का? मी सांगितलं, त्या मार्गावरचे प्रवासी विशेष अवली असतात, माझा अनुभव आहे. त्यांनी ठेवली.

मी आहे तोवर आणि नंतरही, तुला ते ऐकावं लागेल.
तुझी ताई


११ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल तुझ्या गावी येऊन गेलो. तुला कळवलं नाही, घरीही आलो नाही, रागाव खुशाल. फक्त स्थानकावर बसलो होतो. दुपारपासून एका बाकावर बसून सगळ्या गावांच्या बस ऐकल्या. शेजारच्या बाईंनी विचारलं, की तुमची बस कोणती. मी म्हटलं, सगळ्याच.

संध्याकाळी आमची लागली. खिडकीची जागा मिळाली. गाडी सुरू झाली आणि वरच्या भोंग्यातून तुझा आवाज आला. स्वच्छ, खणखणीत, प्रत्येक ‘स’ जागच्या जागी. तू हात आत घ्यायला सांगितलंस आणि पुढच्या-मागच्या सगळ्या खिडक्यांतले हात एकदम आत गेले. मी मात्र माझा बाहेर काढला आणि स्थानक दिसेनासं होईपर्यंत त्या भोंग्याकडे बघून हलवत राहिलो. कंडक्टर खेकसला, की आजोबा, ऐकू येत नाही का. मी म्हटलं, येतं की, म्हणून तर हलवतोय.
तुझा, धाकटा